‘गुड किड, मॅड सिटी’ : सलग ऐकायचे आख्यान की बारा सुटी गाणी?

धंतोलीकर : परवा धरमपेठेत एका मित्राच्या घरी अमेरिकी रॅपर केंड्रिक लामार यांचे ‘स्विमिंग पूल्स’ हे गाणे लागले आणि जमलेल्या सर्वांनी आनंदाने पेले उंचावले, तेव्हापासून हा विषय मनात घोळतो आहे. ते गाणे दारूत बुडत चाललेल्या माणसाचे आहे; मध्येच त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला नाव घेऊन बजावते, आणि ‘गुड किड, मॅड सिटी’ या त्यांच्या अल्बममध्ये त्या गाण्याच्या अखेरीस गोळीबारात एक मित्र मरतो. सुटे गाणे ऐकणाऱ्याच्या हाती फक्त पेला उरतो.

ऑक्टोबर २०१२मध्ये आलेला हा त्यांचा दुसरा स्टुडिओ अल्बम कीर्तनासारखा आरंभापासून शेवटपर्यंत ऐकला तरच कळतो, असे माझे मत आहे. मुखपृष्ठावरच त्याला ‘केंड्रिक लामार यांचा लघुपट’ म्हटले आहे. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन गावातला सतरा वर्षांचा मुलगा आईची व्हॅन घेऊन एका मुलीला भेटायला निघतो, आणि गाडी अजून का परत आली नाही म्हणून आई फोनवर निरोपावर निरोप ठेवत राहते. (मागून वडील आपल्या डॉमिनोच्या सोंगट्या कुठे गेल्या म्हणून ओरडतात, तो प्रसंग तर आपल्याकडच्या कोणत्याही घरात घडावा असा.) मुलगी भेटायच्या आत पहिले गाणे तुटते, त्याआधीची घरफोडी थेट चौथ्या गाण्यात कळते आणि मारहाण त्याच्याही पुढे येते. हा क्रम मोडला तर उरते काय?

महालकर : आपल्याशी असहमत आहे. कीर्तनातला अभंग बाहेर काढला तरी स्वतःच्या पायावर उभा राहतो. जे गाणे संदर्भ काढताच उलटा अर्थ देते, त्याचा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारणे बरे नव्हे. शिवाय तो गोळीबाराचा प्रसंग वगळून हेच गाणे आधी स्वतंत्रपणे बाजारात आणले गेले होते. याच अल्बममधल्या ‘पोएटिक जस्टिस’मध्ये लोकप्रिय रॅपर ड्रेक आहेत, गायिका जॅनेट जॅक्सन यांच्या जुन्या गाण्याचा तुकडा आहे, ही बेगमी रेडिओसाठी नाही तर कशासाठी? पहिल्या आठवड्यात सुमारे २,४२,००० प्रती खपल्या आणि बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत, गायिका टेलर स्विफ्ट यांच्या त्याच दिवशी आलेल्या अल्बमखालोखाल, दुसरे स्थान मिळाले, ते लोकांना लघुपट हवा होता म्हणून नव्हे. आईचे ते फोनवरचे निरोप पहिल्यांदा ऐकताना मलाही रंजक वाटले. आता मी ते गाळून पुढे जातो.

सक्करदरा : स्वागताचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की २०१४च्या ग्रॅमी सोहळ्यात लामार यांना सात नामांकने होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. सर्वोत्तम रॅप अल्बमचा मान मॅकलमोर आणि रायन लुईस या रॅपर-निर्माता जोडीला गेला, आणि मॅकलमोर यांनी स्वतःच लामार यांना संदेश धाडून तो तुम्हालाच मिळायला हवा होता असे कळवले; पुढे तो संदेश जाहीरही केला. दिलगिरी खाजगी ठेवली असती तर अधिक शोभली असती, हे आपले माझे मत.

इंदोरावासी : आपण दोघे क्रमावरून भांडत आहात, पण या अल्बमचा गाभा दहाव्या गाण्यात आहे आणि त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. ‘सिंग अबाउट मी, आय’म डायिंग ऑफ थर्स्ट’ हे बारा मिनिटांचे गाणे आहे. त्याच्या पहिल्या कडव्यात मारल्या गेलेल्या मित्राचा भाऊ बोलतो. मी मेलो तर माझ्याविषयी गा, असे सांगता सांगता गोळ्यांच्या आवाजाने त्याचे वाक्य तुटते. दुसऱ्या कडव्यात केशा नावाच्या तरुणीची बहीण बोलते. लामार यांनी २०११च्या ‘सेक्शन.८०’ या पहिल्या अल्बममध्ये केशाची शोकांतिका गायिली होती, आणि ही बहीण त्यांनाच जाब विचारते, की माझ्या बहिणीची गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार तुला कोणी दिला? मी विरून जाणार नाही, असे ती बजावत असतानाच तिचा आवाज हळूहळू विरत जातो.

मी उत्तर नागपुरात जलसे ऐकत वाढलो. आमच्याकडे शाहीर वस्तीचे दुःख मांडतो तेव्हा ती वस्ती समोर सतरंजीवर बसलेली असते, आणि चुकले तर तिथल्या तिथे त्याला सुनावते. रेकॉर्डिंगच्या खोलीत असे सुनावणारे कोणी नसते. म्हणून या कवीने आपल्यावरचा आरोप स्वतःच लिहिला आणि तो आपल्याच तोंडून वदवला. अशी तक्रार स्वतःविरुद्ध नोंदवणारे रॅपर मी फार ऐकलेले नाहीत. अर्थात तिचा आवाज विरवून टाकणाराही तोच आहे, आणि ते मला आजही खटकते.

महालकर : हे गाणे श्रेष्ठ आहे यात वाद नाही, पण मग ते एकटेच पुरेसे नाही का?

धंतोलीकर : नाही. तो भाऊ कोणाचा, हे ‘स्विमिंग पूल्स’ या नवव्या गाण्याच्या अखेरीस कळते, आणि तेच आपण कापून टाकायला निघाला आहात.

महालकर : बरे, ते सोडतो. पण शेवटच्या ‘कॉम्प्टन’चे काय? पश्चात्ताप, प्रार्थना, घरी परतून आपल्या गावच्या मुलांना ही गोष्ट सांग असा आईचा निरोप, एवढे सारे झाल्यावर कॉम्प्टनचेच ज्येष्ठ रॅपर आणि निर्माते डॉ. ड्रे येतात आणि यशाचा झेंडा फडकवला जातो. ते या अल्बमचे कार्यकारी निर्मातेही होते, म्हणून त्यांना मानाचे पान वाढले असावे. आपल्या आख्यानाला हे ठिगळ कसे चालते?

धंतोलीकर : त्या गाण्याचे अगदी शेवटचे काही सेकंद ऐका. कॅसेट मागे गुंडाळल्याचा आवाज येतो आणि मुलगा आईला सांगतो, की व्हॅन नेतो, पंधरा मिनिटांत परत येतो. आपण ज्याला शेवट म्हणता, तिथेच ती संध्याकाळ सुरू होते.

महालकर : आत्ता ऐकले. मी नेहमी ड्रे यांचे कडवे संपले की दुसरे काही लावतो, त्यामुळे हा तुकडा इतक्या वर्षांत कानावर पडलाच नव्हता. ठिगळाचा आक्षेप मात्र मागे घेत नाही.