आउटपुट पॅरामीटरला शिव्या घालण्याआधी रीडर बंद करा

रात्रपाळी
काल इथे एकाने ठोकून दिलं: "आउटपुट पॅरामीटर ही जुन्या डीबीएंची खोड आहे. सी-शार्पमध्ये कायम नल येतो. त्यापेक्षा प्रोसिजरच्या शेवटी सरळ सिलेक्ट टाका." वर त्याला वाहवा! तिथे दोन ओळीत भागेना म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला कोड, आउटपुट पॅरामीटर म्हणजे त्याने उत्तर ठेवून परत द्यायची जागा, नल म्हणजे रिकामी व्हॅल्यू, सिलेक्ट म्हणजे रो (ओळी) मागवणारी आज्ञा आणि डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारे.

अहो, नल येतो कारण तुम्ही वेळेआधी विचारता. एसक्यूएल सर्व्हर हा आपला डेटाबेस आधी सगळ्या रो पाठवतो आणि आउटपुटच्या व्हॅल्यू त्यांच्या मागून, अगदी शेवटी. एक्झिक्युटरीडर चालवायचं, म्हणजे एकेक रो वाचणारा रीडर उघडायचा, चार रो वाचायच्या आणि रीडर उघडा असतानाच पॅरामीटरकडे हात पसरायचा, म्हणजे पंगतीत पहिला वरणभात वाढतायत तोवर विडा मागायचा. रीडर क्लोज करा, मग वाचा. रीडर आपोआप बंद करणाऱ्या यूझिंगच्या कंसाबाहेर एक ओळ सरकवायची आहे, बस.

स्ट्रिंग (मजकूर) पॅरामीटरला साइज दिली नाही तर निदान तोंडावर एरर येते. खरी चोरटी चूक वेगळीच. एका प्रोसिजरमधून दुसरी बोलावताना एक्झेकच्या, म्हणजे बोलावण्याच्या, ओळीतही आउटपुट लिहावं लागतं. विसरलात तर एरर नाही, वॉर्निंग नाही, व्हेरिएबल होतं तसंच. यात माझे दोन शनिवार गेलेत.

सिलेक्टवाला
तो "एकाने" म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

रीडरचं मान्य. पण एक नंबर परत आणायला डायरेक्शन (आत की बाहेर) लावा, साइज लावा, रीडर बंद करा, डीबीनल (डेटाबेसचा नल) तपासा, एवढी सोवळी कशाला? इन्सर्टनंतर, म्हणजे नवी रो टाकल्यावर, तिचा आयडी देणारं सिलेक्ट स्कोप आयडेंटिटी, इकडे ॲपमध्ये एकच व्हॅल्यू उचलणारा एक्झिक्युटस्केलर. एक ओळ, नव्या पोरालाही वाचता येते. आणि २००५ पासून इन्सर्टमध्येच आउटपुट क्लॉज आहे, शंभर रो टाकल्या तर शंभर आयडी परत मिळतात. ते तुमच्या पॅरामीटरला जमतं का?

ऑडिटट्रिगर
तोच आउटपुट क्लॉज आमच्या टेबलांवर चालवून दाखवा. ट्रिगर (रो बदलली की आपोआप चालणारा कोड) असेल तर इन्टू, म्हणजे निकाल कुठे ठेवायचा ते, दिल्याशिवाय सर्व्हर घेतच नाही. आमच्याकडे झाडून सगळ्या टेबलांवर ट्रिगर आहेत.

आणि एक्झिक्युटस्केलरचं कौतुक मला सांगू नका. तो पहिल्या रिझल्ट सेटच्या पहिल्या रोचा पहिला कॉलम उचलतो, डोळे मिटून. आमच्या एका हुशार माणसाने डीबग करताना प्रोसिजरमध्ये वरच रो मोजणारा सिलेक्ट काउंट टाकला आणि तसाच सोडून घरी गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीवर येईल त्याला पावती क्रमांक ३. अकरा वाजेपर्यंत कोणाच्या लक्षात नाही. पॅरामीटर असता तर असे किती का सिलेक्ट सोडा, त्याला धक्का लागला नसता.

पतपेढी_जुना
दोघांनीही एवढं छाती फुगवून बोलू नये. आमची आउटपुट पॅरामीटरनेच लाज काढली होती. व्याजाची रक्कम डेसिमल, ॲपमध्ये स्केल (दशांशानंतर किती आकडे) द्यायचा राहिला. न दिलेला स्केल शून्य धरतात. पासबुकात व्याज गोल रुपयांत छापून यायला लागलं. आम्हाला नाही कळलं, कॅशिअर बाईंना कळलं. म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरला रुपयाखालचं दिसत नाही का हो?" तीन दिवस जुन्या नोंदी दुरुस्त करत होतो.

सिलेक्टवाला
मूळ प्रश्न हाच! व्याज डेटाबेसमध्ये मोजायचंच कशाला? लॉजिक कोडमध्ये ठेवा, त्याला टेस्ट लिहिता येते, बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये राहते. प्रोसिजरमध्ये एक अल्पविराम बदलायचा तर चेंज रिक्वेस्ट, तीन सह्या, आणि डीबीएसाहेब सुट्टीवर.

ऑडिटट्रिगर
सुट्टीवर? गणपतीत रात्री दोनला तुमच्या ॲपने लूपमध्ये चाळीस हजार अपडेट मारले तेव्हा लॉग कोणी साफ केला? प्रोसिजरही गिटमध्ये ठेवता येतात. तुम्ही ठेवत नाही, हा प्रोसिजरचा दोष नव्हे.

सिलेक्टवाला
माझं ॲप तुम्ही कधी पाहिलंत?

ऑडिटट्रिगर
सगळी सारखीच असतात.

हत्तीप्रेमी
पोस्टग्रेस डेटाबेसवर या, या भानगडीच नाहीत.

रात्रपाळी
आलात? वाटच पाहत होतो. तुमच्याकडे प्रोसिजर आल्या ११व्या आवृत्तीत, तेव्हा त्यात आउट, म्हणजे आउटपुट पॅरामीटर, चालत नव्हतं, इनआउट लिहून भागवायचे. आउट यायला २०२१ साल, १४वी आवृत्ती उजाडली. "भानगडीच नाहीत" म्हणे.

हत्तीप्रेमी
फंक्शनमध्ये आउट कधीपासून आहे ते सोयीने विसरलात. असो, चालू द्या.

पतपेढी_जुना
लॉजिक कुठे ठेवायचं हा धागा दुसरीकडे काढा की. आमच्याकडे व्याज डेटाबेसमध्ये होतं कारण तोच आकडा तीन ॲपना लागायचा, एक तर अजून व्हीबी ६ (जुनं व्हिज्युअल बेसिक) चं. कोणी हौसेने नव्हतं ठेवलं.

सिलेक्टवाला
व्हीबी ६ निघालं म्हणजे माझ्याकडे उत्तर नाही. हात जोडतो.

बाकी, काल रात्री जुन्या प्रोजेक्टमध्ये ती ओळ कंसाबाहेर काढली. नंबर आला. दोन वर्षं मी त्या नलसाठी वेगळी क्वेरी मारत होतो. मत बदललेलं नाही, हे लिहून ठेवा.

रात्रपाळी
लिहून ठेवलं. ती वेगळी क्वेरी सिलेक्ट मॅक्स आयडी, म्हणजे सगळ्यात मोठा आयडी, मग तो कोणाचाही असो, तर नव्हती ना?

सिलेक्टवाला
पुढचा प्रश्न.