मदत हवी आहे: 'ग्ली'मधलं गाणं बसवताना मुलगे सूर सोडतात

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांकडून 'ग्ली' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या पहिल्या भागाच्या (२००९) शेवटी येणारं 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' बसवून घेतेय. जर्नी बँडच्या १९८१च्या मूळ गाण्याची सुरुवात पियानोनं होते. मालिकेत तीच धून मुलं तोंडानं गातात. माझा सगळ्यात आवडता तुकडा, आणि घोडं तिथेच अडलंय. मुली ओळ पक्की धरतात, पण आवाज फुटायला लागलेले पाच मुलगे दोन ओळींतच मुलींच्या चालीवर घसरतात. आजवर सगळ्यांनी एकाच सुरात गायची सवय, त्यामुळे शेजारी वेगळा सूर चालू असला की गोंधळतात बिचारे. कुणी समूहगान शिकवलंय का? त्यांना एक-दोन सुरांचीच सोपी ओळ द्यावी, की गाण्याची पट्टीच बदलावी? कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय.