“नशीब, मालवाहू होतं” : बग्रामचा तो व्हिडिओ पाहिला तेव्हा…

29 एप्रिल 2013. अफगाणिस्तानातल्या बग्राम हवाई तळावरून नॅशनल एअरलाइन्सचं बोईंग 747 मालवाहू विमान दुबईला निघालं आणि उडाल्याबरोबर तळाजवळच कोसळलं. तिथून जाणाऱ्या एका गाडीच्या डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं. नाक फारच वर, मग हवेत अडकून राहिल्यासारखं, मग एका अंगावर कललेलं, आणि मग आगीचा लोळ.

मी तो ऑफिसात पाहिला. एका मॉनिटरपुढे आम्ही पाच-सहाजण. “खरं आहे का हे?” “छे, ग्राफिक्स असणार.” कुणीतरी बातमी शोधली, मालवाहू विमान असल्याचं वाचून दाखवलं आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, “नशीब, मालवाहू होतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खुर्च्या आपापल्या जागी सरकल्या. आत सातजण होते आणि त्यातलं कुणीच वाचलं नाही, हे घरी आल्यावर वाचलं. त्या वाक्याची लाज अजून गेलेली नाही.

म्हणून हा धागा. हा किंवा असा दुसरा कुठला व्हिडिओ पाहिल्यावर तुम्ही काय म्हणालात, काय केलंत, ते मोकळेपणी लिहा. व्हिडिओ मात्र इथे पुन्हा चिकटवू नका, ही विनंती.

* * *

मी तेव्हा आखातात एका विमानतळावर रात्रपाळीला पॅलेट, म्हणजे माल रचायचे सपाट पाट, बांधायचो. व्हिडिओ जेवणाच्या सुट्टीत एकाच्या फोनवर आला. आमच्यात कुणी “नशीब” म्हणालं नाही. आमचा सुपरवायझर तेवढा म्हणाला, “लोड सरकलं.” बस, एवढंच. जेवण तसंच राहिलं आणि आम्ही रॅम्पवर, विमानं उभी असतात तिथे, परतलो. त्या रात्री माल आवळायचा प्रत्येक पट्टा प्रत्येकाने दोनदा तपासला. तसं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरच्यांना वाटतं, माल विमानात ढकलला की झालं. नेहमीचं पॅलेट जमिनीवरच्या कुलपांत अडकतं, खटका वर आला की ते हलत नाही. पण त्या विमानात पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या. दोन साधारण बारा-बारा टनांच्या, तीन अठरा-अठरा टनांच्या. असलं धूड मधोमध ठेवतात. तिथे पॅलेट कुलपात बसत नाही, सगळा भरवसा पट्ट्यांवर. पट्ट्यावर पाच हजार पौंड लिहिलेलं असतं, पण ती ताकद सरळ ओढीची. पट्टा तिरका बांधला की मागच्या ओढीला त्यातली थोडीच उरते. कोन साठ अंशांचा झाला तर निम्मीच. म्हणजे वीस पट्टे मोजले तरी कामाचे दहाच. मोजणाऱ्याला वीसच दिसतात. आम्हाला हे एका जुन्या लोडमास्टरने, म्हणजे विमानातला माल चढवण्या-बांधण्याचा जबाबदार असतो त्याने, जमिनीवर खडूने काढून दाखवलं होतं. पुस्तकातून नव्हे.

विमान नाक वर करतं तेव्हा सगळं वजन मागच्या बाजूला ओढ घेतं. नेमका त्याच क्षणी पट्टा कमी पडतो. व्हिडिओत नाक वर गेलेलं दिसलं तेव्हा माझे हात आपोआप मुठी आवळून बसले होते. आत काहीतरी सुटलं, हे बाहेरूनच कळत होतं.

* * *

माझे यजमान मालवाहू विमानं उडवतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्या दिवशी चुलतदिराने कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, “बापरे, केवढं मोठं!” वाईट हेतू नव्हता. हे त्या वेळी दुसऱ्या खंडात, दुसऱ्या कंपनीच्या विमानावर होते. मला ते पक्कं माहीत होतं. तरी मी व्हिडिओ थांबवून शेपटीवरचा रंग बघत बसले. मोठं करून, परत मोठं करून. चित्र फाटून नुसते चौकोन दिसायला लागले तरी बघतच होते. सासूबाई विचारत होत्या, “काय गं, काय झालं?” आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

प्रवासी विमान पडलं की नावांची यादी लागते, नातेवाइकांसाठी फोन नंबर फिरतात, टीव्हीवर दिवसभर तेच चालतं. मालवाहू पडलं की दोन ओळी, तिसऱ्या दिवशी त्याही नाहीत. आमच्या घरी सगळे प्रेमळ आहेत, पण आजही कुणी ना कुणी म्हणतंच, “बरं आहे बाई, प्रवाशांची जबाबदारी तरी नाही.” यांच्याबरोबर कॉकपिटमध्ये बसतात त्यांनाही घरी कुणीतरी वाट पाहणारं असतंच ना? मी आता भांडत नाही. पण उत्तर देते, दर वेळी.

यांचा फोन पहाटे आला. मी काहीच बोलले नाही, फक्त “जेवलात का?” विचारलं. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता. तेही काही बोलले नाहीत.

* * *

मी तो पुढे पाठवला होता, आणि वर “तालिबानने पाडलं” असं लिहून. तालिबानने तसा दावा केला होता, हे खरं. पण नाटोने तो लगेच फेटाळला होता आणि तपासात घातपाताचं काही निघालं नाही. माझ्या यादीत साठेक लोक होते. दुरुस्ती मी एकालाही पाठवली नाही. आज इथे पहिल्यांदाच लिहितोय.

* * *

मला विमानांचं वेड लहानपणापासून. व्हिडिओ पाहून दहा मिनिटांत मी मित्रांना ठणकावून सांगितलं, “माल मागे सरकला, तोल गेला, पंखांचा हवेतला आधार सुटून स्टॉल झालं. विषय संपला.” खूप शहाण्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

जुलै 2015 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा निष्कर्ष आला. मी तो अहवाल रात्री जागून वाचला. माल सरकला होता, पण गोष्ट तिथे संपत नव्हती. सुटलेली गाडी मागचा दाबरोधक पडदा, म्हणजे आतली हवा रोखून धरणारी शेपटीकडची भिंत, फोडून पलीकडे गेली, तिने दोन हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणा निकामी केल्या आणि शेपटीचा आडवा पंख फिरवणाऱ्या स्क्रूच्या यंत्रणेची वाट लावली. त्यानंतर वैमानिकांच्या हातात काही उरलंच नव्हतं. त्यांनी नाक वर ओढलं आणि चूक केली, असं अपघाताच्या आठवड्यात कितीतरी जणांनी लिहिलं होतं. माझ्या बोलण्याचाही सूर तोच होता. मेलेल्या माणसांवर मी दहा मिनिटांत दोष ठेवून मोकळा झालो होतो.

अहवालात मला सगळ्यात जड गेलं ते कॉकपिटमधलं बोलणं. विमान आधी कॅम्प बास्टियनहून बग्रामला आलं होतं. त्या छोट्या उड्डाणातच पट्टा तुटल्याचं, माल हलल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावर ते जमिनीवर बोलतायत, मध्ये हसतायतसुद्धा, कामावर आपण जसं बोलतो तसंच. आपण वाचताना ओरडून सांगावंसं वाटतं.

दोष कंपनीच्या बांधणीच्या पद्धतीवर आला आणि देखरेखीत कमी पडलेल्या एफएए या विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेवरही. लोडमास्टरला कुठलं सरकारी प्रमाणपत्रच लागत नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एवढ्या वजनाची जबाबदारी ज्याच्या अंगावर, त्याला!

* * *

तो व्हिडिओ मी आजवर पाहिलेला नाही आणि पाहणार नाही. भाऊ अपघातात गेला त्याचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. तो अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. एवढंच.

* * *

भावाबद्दल लिहिलेल्या वरच्या ताईंना हात जोडून. काय लिहावं कळत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेत लुइव्हिलला एमडी-11 जातीचं मालवाहू विमान पडलं. डावं इंजिन पंखापासून सुटलं, धावपट्टीवरच आगीचा पट्टा दिसतो. तोही व्हिडिओ तासाभरात सगळीकडे. माझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “कार्गो आहे, टेन्शन नाही.” विमानात तिघं होते, आणि विमान ज्यांच्यावर पडलं ती खालची माणसं वेगळीच. मी त्याला ते सांगितलं. तो गप्प झाला, मग त्याने फोन उलटा ठेवला.

* * *

पट्ट्यांबद्दल लिहिलेल्या दादांना: तुमचा प्रतिसाद मी यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “त्यांना सांग, आम्ही वर बसून हेच धरून चालतो की खाली कुणीतरी दोनदा बघितलंय.” आज रात्री त्यांचं उड्डाण आहे. एक विचारू का? पट्टा नीट बसलाय हे अंधारात, घाईत कसं कळतं?

* * *

वहिनी, हाताने. तळव्याने पट्ट्यावर थाप मारायची. घट्ट असला तर जाड, भरीव आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. सैल असला तर पट्टा नुसता डुलतो. मग रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचा खटका, परत उघडायचं, पीळ काढायचा, पुन्हा आवळायचं. पाठीमागे कुणी घाई करत असलं तरी. साहेबांना माझा नमस्कार सांगा.