एसबीएचं कर्ज: सरकारची हमी नेमकी कुणाला?

नमस्कार मंडळी,

सध्या तासावर भाड्यानं घेतलेल्या कमर्शियल किचनमध्ये डबे करते. आता इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्येच ओक ट्री रोडच्या आसपास स्वतःची जागा बघतेय. पोळ्यांचं मशीन, मोठा फ्रीजर, चुलीवरचं एक्झॉस्ट हूड असं सगळं धरून ७०-७५ हजार डॉलर लागतील. बँकेतल्या मुलीनं एसबीए (अमेरिकी सरकारचं लघुउद्योग खातं) कर्जाचं पत्रक हातात ठेवलं. हे आपल्याकडच्या मुद्रा कर्जासारखं असतं का? पुढे माफ वगैरे होतं का? आमच्या ह्यांचं म्हणणं, सरकार हमी देतंय म्हणजे आपल्या घराला धोका नाही. कुणी घेतलंय का?

– एडिसनची डबेवाली

---

ताई,

यजमानांचं अर्धंच बरोबर आहे. सरकार हमी देतं, पण ती बँकेला. तुम्हाला नाही.

निवृत्त होईपर्यंत ह्याच फायली चाळल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. ७(ए) ही एसबीएची नेहमीची कर्जयोजना, तिच्यात पैसे बँकेचेच असतात. दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाच्या ८५ टक्क्यांची हमी एसबीए घेते, त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के. उद्या धंदा बसला तर बँकेचं बुडालेलं एसबीए भरून देते, पण तुमचं देणं फिटत नाही. बँकेला वसुली जमली नाही की ट्रेझरी, म्हणजे सरकारचं अर्थखातं, मागे लागते आणि टॅक्स रिफंडसुद्धा वळता करून घेते. धंद्यात २० टक्के किंवा जास्त वाटा असणाऱ्या प्रत्येकाला वैयक्तिक जामीन राहावं लागतं. तारण कमी पडलं तर बँक घरावर बोजा चढवू शकते, आणि घर दोघांच्या नावावर असेल तर तिथे यजमानांनाही सही करावी लागेल. मुद्रा बिनातारण असतं, तो हिशोब इथे लावू नका.

माफीचं म्हणाल तर ते २०२० चं पीपीपी, म्हणजे पगार चालू ठेवायला दिलेलं माफ होणारं कर्ज. करोनापुरतं होतं, २०२१ मध्ये बंद झालं. लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय.

बँक आधी बघते तुमचं टॅक्स रिटर्न. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर त्यातला शेड्यूल सी हा धंद्याच्या हिशोबाचा फॉर्म, ओळ ३१, निव्वळ नफा. आपल्यातले बरेच जण इथेच अडकतात. डब्याचे पैसे रोख किंवा झेलवर (फोनवरून थेट खात्यात) घ्यायचे, कर वाचवायला नफा आठ हजार दाखवायचा, आणि बँकेत येऊन सांगायचं की ‘तसे तीस हजार सुटतात हो!’ बँक आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून, रिटर्नचा उतारा परस्पर मागवते. ७५ हजार, दहा वर्षं, व्याज ११ टक्के धरलं तर महिन्याला साधारण १,०३३ डॉलर हप्ता, वर्षाचे १२,४००. आठ हजारांत ते बसणार कसे? व्याजही बहुधा बदलतं असतं. ५० हजार ते अडीच लाखांच्या कर्जाला प्राइमवर (बँकांच्या मूळ व्याजदरावर) आणखी ६ टक्क्यांपर्यंत लावता येतं.

५० हजारांत भागत असेल तर एसबीएचंच मायक्रोलोन (छोटं कर्ज) बघा. ते बँकेकडून नाही, ना-नफा संस्थांकडून मिळतं आणि नवख्यांना त्या जरा सांभाळून घेतात. एसबीएची ५०४ योजना इमारती आणि अवजड यंत्रांसाठी आहे, ती सोडा.

आणि लीज! दहा वर्षांचं कर्ज आणि चार वर्षांचा भाडेकरार, हे बँकेला चालत नाही.

– पिस्कॅटवेचे काका

---

काकांना दुजोरा. आमच्या डेकेअरच्या वेळी एसबीडीसीची (छोट्या धंद्यांना सल्ला देणारं केंद्र) खूप मदत झाली. न्यू जर्सीत त्यांचं मुख्यालय रटगर्स विद्यापीठाच्या न्यूअर्क कॅम्पसमध्ये आहे. सल्ला फुकट. सल्लागार बाईंनी महिन्यागणिक आवक-जावक मांडायला लावली, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये मुलं भारतात जातात आणि पगार तर द्यावेच लागतात, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. तुमचे डबेही सुट्टीत घटत असतील, ते आधीच मांडा. स्कोअर नावाच्या संस्थेकडेही निवृत्त व्यावसायिक मोफत सल्ला देतात.

‘मंजुरी नक्की’ म्हणत आधीच फी मागणाऱ्या एजंटांपासून चार हात लांब. आम्हालाही एक भेटला होता. एसबीएच्या साइटवर कर्ज देणाऱ्या बँकांशी गाठ घालून देणारं लेंडर मॅच आहे, ते फुकट आहे.

– डेकेअरवाली

---

मध्येच विचारतो. मी एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर, बायकोकडे एच-फोरचं (जोडीदाराच्या व्हिसाचं) ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना. तिच्या नावावर मिळेल?

– नवा सभासद

---

नाही. ईएडीवर ती धंदा काढू शकते, पण एसबीएचं कर्ज नाही. ग्रीन कार्डवाल्यांसाठीचे नियमही अलीकडे आवळलेत. त्यांनी जागा बघायच्या आधी बँकेला विचारावं.

– काका

---

काका, ताई, खूप आभार. ओळ ३१ काढून बघितली, आकडा १९ हजारांचा आहे. ह्यांना सहीचं सांगितलं, तर मशीन सेकंडहँड का घेत नाहीस, असं लगेच सुचलं त्यांना. खरं तर तेच करते, म्हणजे ५० हजारांच्या आत बसेल. घरमालकाकडे लीज वाढवून घ्यायचा हक्क लिहून मागते. कुणाच्या माहितीत जुनं पोळी मशीन असेल तर कळवा. आणि हो, फराळाच्या ऑर्डरी घेणं सुरू आहे, चकली भाजणीचीच.

– डबेवाली

---

फराळाच्या जाहिराती वेगळ्या मेलमध्ये टाकाव्यात, ही नम्र विनंती. (माझी चकली दोन किलो.)

– कार्यकारिणीच्या वतीनं