मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील दुखापतीच्या बदली खेळाडूचा नियम

नमस्कार. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील बदली खेळाडूच्या नियमाचा मी अभ्यास करत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

एएफएलने (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, या खेळाची प्रमुख स्पर्धा) 2021च्या हंगामाच्या तोंडावर, मैदानावरील 18 आणि अदलाबदलीच्या (सामन्यात पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू शकणाऱ्या) 4 खेळाडूंखेरीज आणखी एक बदली खेळाडू ठेवण्याची मुभा दिली. मात्र तो मैदानात उतरवायचा, तर बाहेर जाणारा खेळाडू पुढील 12 दिवस खेळण्यास असमर्थ ठरेल, असे संघाच्याच डॉक्टरांचे मत आवश्यक होते. माझी शंका नेमकी इथे आहे. शेवटच्या क्वार्टरमध्ये ताज्या दमाचा खेळाडू मिळणे हा मोठाच लाभ असतो, आणि स्नायू आखडल्यासारख्या दुखापतीत दुखणे किती आणि डावपेच किती, हे बाहेरून कोणी कसे ठरवावे? 2023मध्ये वैद्यकीय अटच काढून टाकण्यात आली, म्हणजे हा प्रश्न सुटला नाही, टाळला गेला, असे माझे मत आहे.

क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली (कन्कशन सब्स्टिट्यूट) घ्यायचा, तर निदान सामनाधिकाऱ्याची मंजुरी लागते. तरीही जानेवारी 2025मध्ये पुण्यात शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हा वाद झालाच.

2021 आणि 2022 या दोन हंगामांत बदललेला खेळाडू 12 दिवसांच्या आतच पुन्हा खेळल्यास संघाकडून कोणता वैद्यकीय पुरावा घेतला जात असे आणि तो स्वतंत्र डॉक्टर तपासत असत का? मेलबर्नमधील किंवा क्रीडावैद्यक क्षेत्रातील सदस्यांनी कृपया सविस्तर सांगावे.