मदत हवी आहे: आयर्लंडची पांढरी घोडी आणि आपला अश्वमेध

अश्वमेधावर टिपण लिहितेय आणि एका जागी अडकलेय. जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू ११८८ च्या सुमारास लिहितो, की आयर्लंडच्या उत्तर भागातल्या एका कुळात राज्यारोहणाच्या वेळी पांढरी घोडी मारून शिजवत. राजा त्याच रश्शात बसून अंघोळ करी, मांस सगळे मिळून खात! आपल्याकडे घोडा आणि राणी, तिथे घोडी आणि राजा. पण जेराल्डला आयरिश लोक रानटीच दाखवायचे होते, त्यामुळे विश्वास किती ठेवायचा?

फ्रान्समधल्या गूर्ने इथल्या केल्टिक (आयरिश लोकांशी भाषेचं नातं असलेल्या प्राचीन युरोपीय लोकांच्या) देवस्थानात म्हातारे बैल खड्ड्यात कुजत ठेवलेले सापडलेत. घोडीच्या विधीला असा काही उत्खननातला आधार आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं. नुसते व्हॉट्सॲप फॉरवर्ड नकोत, प्लीज.