आयटीआयनंतरचे शिक्षण
आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री अभ्यासक्रम झाला की लाइनमनचे काम येते, हे मत मला अर्धेच पटते. पात्रतेपुरते ते ठीक आहे. पण तिथे मोटर आणि वायरिंग जितके हाताळले जाते, तितका खांब हाताळला जात नाही. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून कंत्राटी तीन वर्षे काढताना जुन्या तंत्रज्ञांकडून जे शिकायला मिळते, त्यात अर्थिंगचा, म्हणजे बंद केलेली वाहिनी जमिनीला जोडण्याचा, क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उपकेंद्रातून परमिट (वाहिनीवर कामाची परवानगी) मिळाले आणि एबी स्विच (वाहिनी तोडणारा खांबावरचा स्विच) उघडला, म्हणजे वीज तोडली, तरी कुणाच्या तरी जनरेटरचा प्रवाह रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) उलटा वाहिनीवर येऊ शकतो. म्हणून वाहिनी मृत (वीज नसलेली) असल्याची खात्री करून डिस्चार्ज रॉडची (तारा जमिनीला जोडणाऱ्या दांड्याची) वायर आधी जमिनीला जोडायची आणि मगच रॉड तिन्ही तारांवर अडकवायचे, काढताना नेमके उलट. पावसाळ्यात फोनवर फोन येत असताना (आणि ते येतातच) नवख्याकडून हाच क्रम चुकतो.